विश्लेषण : दक्षिणेच्या रस्त्यांना वेळापत्रक देणारे ‘टीव्हीएस’ कोण होते? त्यांच्या बस आणि लॉऱ्या गेल्या कुठे?

टीव्हीएस म्हटले की मराठी वाचकाला मोपेड आठवते, फार तर मोटारसायकल. मदुराई, दिंडीगुल, तंजावूर या भागातल्या जुन्या माणसांना मात्र हीच तीन अक्षरे ऐकली की बस आणि मालमोटारी आठवतात. ‘सदर्न रोडवेज’ या नावाने धावणारा हा ताफा एके काळी दक्षिणेतल्या मोठ्या खासगी ताफ्यांपैकी एक होता. आज त्या बस रस्त्यावर नाहीत. देशाच्या इतर भागांतल्या अनेक प्रादेशिक ट्रान्सपोर्ट कंपन्यांप्रमाणे हे नावही आठवणीत जमा झाले. हा ताफा उभा करणारे टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांचे आयुष्य पाहिले, तर या कंपन्या कशा उभ्या राहिल्या आणि कशा संपल्या हे नीट समजते.

‘टीव्हीएस’ हे नाव कुणाचे?

ही अक्षरे एका माणसाच्या नावाची आहेत. तमिळ पद्धतीप्रमाणे पहिले अक्षर गावाचे, दुसरे वडिलांच्या नावाचे आणि तिसरे स्वतःच्या नावाचे : तिरुक्कुरुंगुडी वेंगराम सुंदरम. त्यांचा जन्म २२ मार्च १८७७ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील तिरुक्कुरुंगुडी या गावी झाला. हे वैष्णवांचे जुने तीर्थक्षेत्र. घराणे अय्यंगार ब्राह्मणांचे. अशा घरातल्या मुलाने शिकून वकिली करावी किंवा सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची सर्वसाधारण अपेक्षा होती.

सुंदरम यांनी आधी ती पूर्णही केली. वडिलांच्या इच्छेनुसार ते वकिलीच्या व्यवसायात गेले. तिथे मन रमले नाही, तेव्हा रेल्वेत नोकरी केली आणि नंतर बँकेत. पस्तिशी जवळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. १९११ हे त्यांच्या ‘टी. व्ही. सुंदरम अय्यंगार अँड सन्स’ या पेढीच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. पेढीच्या नावात ‘सन्स’ होते, पण मुले तेव्हा लहान होती.

बसच्या धंद्यात उतरणे धाडसाचे का होते?

१९१२ मध्ये त्यांनी बससेवा सुरू केली. तंजावूर ते पुदुकोट्टई हा त्यांच्या अगदी सुरुवातीच्या मार्गांपैकी एक. पुदुकोट्टई हे तेव्हा संस्थान होते आणि तिथवर रेल्वे पोहोचलेली नव्हती. दोन्ही गावांतले अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते, हे धरले तर नुसत्या चालीलाच पंधरा ते वीस तास लागत. बैलांची विश्रांती, वैरण-पाणी आणि रात्रीचा मुक्काम वेगळा. मोटारीने हाच प्रवास काही तासांत होणार होता.

अडचणी मात्र पावलोपावली होत्या. रस्ते जिल्हा बोर्डांचे, मुरमाचे आणि बैलगाड्यांच्या चाकांनी चाकोऱ्या पडलेले. गाडी, टायर, सुटे भाग सगळे परदेशातून बोटीने येणार. गाडी वाटेत बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडण्याची शक्यता नाही. चालवायला शिकलेला ड्रायव्हर मिळणेही कठीण. त्या परिसरातला व्यापार प्रामुख्याने नाट्टुकोट्टई चेट्टियार, नाडार अशा व्यापारी समाजांच्या हातात होता आणि त्यांच्याकडे पिढीजात भांडवल होते. बँकेतली नोकरी सोडून आलेल्या माणसाने अशा धंद्यात पैसे घालणे, हे नातेवाइकांना शहाणपणाचे वाटण्यासारखे नव्हते.

तरीही रेल्वेतला अनुभव कामी आला असावा. रेल्वे वेळापत्रकाने चालते, प्रवासी असोत वा नसोत. त्या काळातल्या बहुतेक मोटारी गाडी भरली की निघत. सुंदरम अय्यंगार यांनी रस्त्यावर रेल्वेची शिस्त आणायचे ठरवले.

लोकांचा विश्वास कसा मिळवला?

सुटायची वेळ झाली की बस सुटलीच पाहिजे, हा नियम त्यांनी पहिल्यापासून पाळला. टीव्हीएसची बस गावातून गेली की लोक त्यावरून घड्याळ लावत, असे मदुराई भागात आजही सांगतात. यातली अतिशयोक्ती वगळली तरी त्यामागचा मुद्दा खरा आहे. बाजारहाट, कोर्टाची तारीख किंवा पुढची रेल्वे गाठायची असेल, तर प्रवाशाला गाडीच्या वेगापेक्षा तिच्या वेळेची खात्री जास्त महत्त्वाची असते.

दुसरी कथा खिळ्यांची आहे. बैलांच्या खुरांना मारलेल्या नालांचे खिळे गळून रस्त्यावर पडत आणि मोटारींचे टायर पंक्चर होत. परदेशी टायर महाग, आणि प्रत्येक पंक्चरमागे वेळापत्रक कोलमडणार. यावर उपाय म्हणून कंपनी मोठे लोहचुंबक लावलेली गाडी रस्त्यावरून फिरवून खिळे गोळा करत असे, असे सांगितले जाते. रस्ता आपल्या मालकीचा नसला तरी त्यावरची अडचण आपलीच, ही दृष्टी त्यात दिसते.

तिसरी गोष्ट कार्यशाळेची. गाडी बिघडल्यावर दुरुस्त करण्याऐवजी बिघडण्याआधी तपासायची, टायर झिजले की वेळीच बदलायचे, सुटे भाग साठवून ठेवायचे, कारागीर आपल्याच कार्यशाळेत तयार करायचे, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. पुढे याच कार्यशाळेतून कुटुंबाचे वेगवेगळे व्यवसाय निघाले. ‘मद्रास ऑटो सर्व्हिस’ ही सुट्या भागांची कंपनी, ‘सुंदरम मोटर्स’ ही गाड्यांची विक्री करणारी कंपनी आणि झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवणारा रिट्रेडिंगचा कारखाना, या सगळ्यांची सुरुवात स्वतःच्या ताफ्याच्या गरजेतून झाली. आपल्याला जे लागते ते इतर लॉरीवाल्यांनाही लागणारच, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

बसबरोबर मालवाहतूक कशी वाढली?

बसच्या टपावर प्रवाशांचे सामान चढतेच. त्यातूनच पार्सल आणि मग स्वतंत्र मालमोटारी, हा त्या काळच्या अनेक कंपन्यांचा प्रवास आहे. ‘सदर्न रोडवेज’च्या ताफ्यातही बसबरोबर लॉऱ्या मोठ्या संख्येने होत्या.

मदुराई परिसर मालवाहतुकीला अनुकूल होता. शहरात कापडगिरण्या, भोवती कापूस पिकवणारी काळी जमीन, पश्चिमेला बोडिनायकनूरची वेलदोड्याची पेठ, दक्षिणेला तुतिकोरीनचे बंदर आणि मिठागरे. रेल्वे मुख्य मार्गांवर होती, पण माल मळ्यातून किंवा गिरणीतून स्टेशनवर न्यायचा, वाघिणीत भरायचा, उतरवायचा आणि पुन्हा बैलगाडीत चढवायचा, अशी दोन-तीनदा हाताळणी होई. प्रत्येक वेळी हमाली आणि प्रत्येक वेळी नुकसान. लॉरी थेट गोदामातून गोदामात जाई.

अशा प्रादेशिक ट्रान्सपोर्ट कंपनीचा कारभार चार गोष्टींवर चाले. गावोगावी बुकिंग ऑफिस, त्याला लागून गोदाम, माल ताब्यात घेतल्याची पावती म्हणजे बिल्टी आणि ओळखीचा ड्रायव्हर. आपल्याकडच्या हुंडेकऱ्यांचे कामही याच धर्तीचे. बिल्टी हा कागद साधा दिसत असला तरी व्यापाऱ्याचा सगळा भरवसा त्यावर असे. ती दाखवल्याशिवाय दुसऱ्या टोकाला माल मिळत नसे. म्हणून अशा व्यवसायात कंपनीचे नाव हेच भांडवल ठरते. लॉरी कुणालाही विकत घेता येते, पण आपली बिल्टी पाच जिल्ह्यांतल्या व्यापाऱ्यांनी डोळे मिटून स्वीकारावी, हे वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहाराशिवाय होत नाही.

या कंपन्या एकाच प्रदेशापुरत्या का राहिल्या?

याचे उत्तर कायद्यात आहे. १९२०-३० च्या दशकांत मोटारी वाढल्या, तसा रेल्वेला धोका वाटू लागला. रेल्वेत सरकारचे आणि ब्रिटिश भागधारकांचे प्रचंड भांडवल अडकले होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने बस आणि मालमोटारींसाठी परमिट सक्तीचे केले. परमिट देणारे प्राधिकरण प्रादेशिक, त्यामुळे गाडीची हद्दही प्रादेशिक. लांब पल्ल्याचा माल रेल्वेकडेच राहावा, हा त्यामागचा एक उघड हेतू होता.

याच कायद्याने मालमोटारींचे दोन प्रकार केले. स्वतःच्याच कारखान्याचा किंवा दुकानाचा माल नेणारी ‘प्रायव्हेट कॅरिअर’ आणि भाडे घेऊन कुणाचाही माल नेणारी ‘पब्लिक कॅरिअर’. जुन्या ट्रकच्या कपाळावर ठळक अक्षरांत दिसणारे ‘पब्लिक कॅरिअर’ हे शब्द तिथून आले.

परिणाम असा झाला की प्रत्येक प्रदेशात तिथल्या परमिटांवर पाय रोवलेल्या काही कंपन्या मोठ्या झाल्या. मदुराईत टीव्हीएस, कुंभकोणममध्ये ‘रामन अँड रामन’, पोल्लाचीत नाचीमुथू गौंडर यांची ‘अनामलाईज बस ट्रान्सपोर्ट’ म्हणजे एबीटी. कोइम्बतूरचे संशोधक-उद्योजक जी. डी. नायडू यांनीही १९२० मध्ये पोल्लाची-पळणी मार्गावर एका बसने सुरुवात करून पुढे ‘युनिव्हर्सल मोटर सर्व्हिस’ उभी केली. परमिट म्हणजे संरक्षण होते, तशीच ती वेसणही होती. आपल्या इलाख्यात स्पर्धा कमी, पण इलाख्याबाहेर जाण्याची वाट अरुंद.

युद्धाच्या काळात गाड्या कशा चालवल्या?

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले. लष्कराला आधी, नागरिकांना उरलेसुरले. बस आणि लॉरीवाल्यांसमोर गाड्या उभ्या करण्याची वेळ आली. तेव्हा ‘टीव्हीएस गॅस प्लांट’ पुढे आला.

हे तंत्र समजायला सोपे आहे. गाडीला एक उभी भट्टी जोडायची आणि तिच्यात लाकडी कोळसा जाळायचा, पण हवा मोजकीच द्यायची. हवा अपुरी पडली की कोळसा पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू तयार होतो. तो थंड करून, राख आणि काजळी गाळून इंजिनात सोडला की पेट्रोलशिवाय गाडी चालते. कोळसा स्थानिक, त्यामुळे बोटीने येणाऱ्या इंधनाची वाट पाहावी लागत नाही.

त्याचे तोटेही होते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी भट्टी पेटवून तापवावी लागे. इंजिनाची ताकद बरीच कमी होई, चढावर गाडी दमे. गाळणी वारंवार साफ करावी लागे. हा वायू विषारी असल्याने गळती धोक्याची होती. तरीही या भट्ट्यांमुळे अनेक मार्ग चालू राहिले. टीव्हीएसने हे यंत्र स्वतःच्या ताफ्यापुरते न ठेवता इतरांसाठीही बनवले. रस्त्यावरच्या अडचणीतून नवा व्यवसाय उभा करण्याची त्यांची पद्धत इथेही दिसते.

घरातली कसोटी कोणती होती?

सुंदरम अय्यंगार यांची मुलगी सौंदरम १९०४ मध्ये जन्मली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिचे लग्न लहान वयातच डॉ. सौंदरराजन यांच्याशी झाले. प्लेगच्या साथीत रुग्णांवर उपचार करताना त्यांचा मृत्यू झाला. ऐन विशीत मुलगी विधवा झाली. सनातनी घरात तिच्या वाट्याला काय येणार, हे ठरलेले होते. सौंदरम यांनी मात्र शिक्षणाची वाट धरली, आई-वडिलांनी तिला साथ दिली, आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

दिल्लीत त्यांची ओळख सुशीला नय्यर यांच्याशी आणि त्यांच्यामार्फत गांधीजींच्या वर्तुळाशी झाली. तिथेच केरळचे गांधीवादी कार्यकर्ते जी. रामचंद्रन यांच्याशी विवाह करण्याचे ठरले. विधवा पुनर्विवाह आणि तोही आंतरजातीय, हे अय्यंगार घराला पचणे सोपे नव्हते. घरातून विरोध झाला. अखेर १९४० मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या आशीर्वादाने हा विवाह झाला. सुंदरम अय्यंगार यांचे नाव पुढे विधवा पुनर्विवाहाच्या पाठीराख्यांमध्ये घेतले गेले.

या दांपत्याने १९४७ मध्ये दिंडीगुलजवळ ‘गांधीग्राम’ ही ग्रामीण आरोग्य आणि शिक्षणाची संस्था उभी केली. सौंदरम पुढे आमदार, खासदार आणि केंद्रात शिक्षण उपमंत्री झाल्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तमिळनाडूत अनेकांना त्या वडिलांच्या बसइतक्याच परिचित आहेत.

शिवडीचा कारखाना बंद झाल्याने काय बदलले?

टीव्हीएसच्या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. परदेशातून सुटे येणारे भाग तिथे जोडून शेव्हरोलेसारख्या गाड्या तयार होत. बस आणि लॉरीसाठी बहुधा नुसता सांगाडा, म्हणजे चॅसिस, विकला जाई आणि त्यावर लाकडी-पत्र्याची बॉडी स्थानिक सुतार-लोहार बांधत. टीव्हीएसची ‘सुंदरम मोटर्स’ ही जनरल मोटर्सच्या देशातल्या सर्वांत मोठ्या वितरकांपैकी एक होती.

स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी देशातच भाग बनवण्याचा कार्यक्रम द्यावा, अन्यथा गाशा गुंडाळावा, अशी दिशा १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालाने ठरली. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने भारतातले काम थांबवले. सुंदरम अय्यंगार तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि कारभार मुलांकडे गेला होता.

त्याच वर्षी त्यांचे पुत्र टी. एस. संतानम यांनी मद्रासमध्ये ‘सुंदरम फायनान्स’ सुरू केली. लॉरी विकत घ्यायला हप्त्याने पैसे देणारी ही कंपनी. बँका तेव्हा एका ट्रकच्या मालकाला दारात उभे करत नसत. सावकाराचे व्याज परवडत नसे. लॉरीच तारण ठेवून, तिच्या कमाईतून हप्ते फेडण्याची सोय झाल्याने अनेक ड्रायव्हर मालक होऊ शकले. पुढच्या काळात ‘व्हील्स इंडिया’ (१९६०), ‘लुकास-टीव्हीएस’ (१९६१), ‘ब्रेक्स इंडिया’ आणि ‘सुंदरम-क्लेटन’ (१९६२) आणि ‘सुंदरम फास्नर्स’ (१९६६) अशा कंपन्या आल्या. चाके, दिवे, ब्रेक, नट-बोल्ट : एके काळी मदुराईच्या कार्यशाळेत ज्यांची वाट पाहिली जाई, ते सगळे भाग देशात बनू लागले.

यातले बहुतेक पाहायला सुंदरम अय्यंगार नव्हते. २८ एप्रिल १९५५ रोजी कोडाईकनाल येथील निवासस्थानी झोपेतच त्यांचे निधन झाले.

मग बस कुठे गेल्या?

कंपनी तोट्यात जाऊन बंद पडली, असे झाले नाही. तिच्या बस सरकारने घेतल्या. मद्रास शहरातली बससेवा १९४७-४८ मध्येच सरकारकडे गेली होती, पण जिल्ह्यांमध्ये खासगी कंपन्या चालू राहिल्या. १९६७ नंतर द्रमुक सत्तेवर आल्यावर चित्र बदलले. मोठ्या ताफ्यांच्या मालकांकडून बस संपादित करणारा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १९७२ मध्ये प्रादेशिक महामंडळे उभी राहिली. मदुराईत टीव्हीएसच्या ताफ्यातून ‘पांडियन रोडवेज’, पोल्लाची-कोइम्बतूर भागात एबीटीच्या ताफ्यातून ‘चेरन’, तर कुंभकोणममध्ये ‘चोळन’ महामंडळ आले. प्राचीन राजवंशांची नावे घेतलेली ही महामंडळे १९९७ मध्ये राज्य परिवहन महामंडळाच्या एकाच नावाखाली आली.

सरकारची बाजू अशी होती की प्रवास ही सार्वजनिक गरज आहे आणि नफ्याच्या मार्गांवर मिळणारा पैसा आडगावच्या तोट्याच्या मार्गांसाठी वापरला गेला पाहिजे. खासगी कंपनी हे स्वतःहून करत नाही, आणि हा मुद्दा बिनतोड आहे. तमिळनाडूतल्या खेड्यापाड्यांत पुढे बस पोहोचली, त्यात या महामंडळांचा वाटा मोठा आहे. दुसरी बाजू अशी की कायद्याची कुऱ्हाड मोठ्या ताफ्यांवर पडली, म्हणजे ज्यांनी वेळापत्रक, कार्यशाळा आणि प्रशिक्षण उभे केले होते त्यांच्यावरच. एक-दोन बसवाले खासगी मालक मात्र टिकले आणि तमिळनाडूत आजही खासगी बस दिसतात. मोठे होण्याची शिक्षा झाली, अशी त्या कंपन्यांच्या माणसांची भावना होती.

महाराष्ट्रात काय झाले होते?

मुंबई राज्याने हा निर्णय बराच आधी घेतला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली आणि पुढच्या काही वर्षांत खासगी बसमालकांचे मार्ग एसटीकडे गेले. त्यामुळे टीव्हीएससारखी, जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली खासगी बस कंपनी स्वातंत्र्यानंतर इथे वाढलीच नाही. तमिळनाडूला अशा कंपन्यांबरोबर आणखी दोन तपे मिळाली. त्या काळात जमलेले भांडवल आणि कसब पुढे वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात गेले. चेन्नई, मदुराई, होसूर पट्ट्यात हा उद्योग इतका का फोफावला, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

आणि लॉऱ्यांचे काय?

१९७१ चा कायदा प्रवासी बसपुरता होता, मालमोटारींना तो लागू नव्हता. मालवाहतुकीतल्या प्रादेशिक कंपन्या मागे पडण्याची कारणे वेगळी आहेत. एबीटीसारख्या कंपन्या बस गेल्यावर पार्सल सेवेकडे वळल्या. पण १९७५ मध्ये नॅशनल परमिट योजना आली आणि एकाच परवान्यावर अनेक राज्यांत ट्रक नेता येऊ लागला. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारींची परमिटे आणखी सुलभ केली. प्रदेशाची वेस गेली, तसे तिच्या आत मिळणारे संरक्षणही गेले.

त्याच वेळी हप्त्यांवर ट्रक घेणारे हजारो छोटे मालक बाजारात उतरले होते. एका ट्रकच्या मालकाला ऑफिस, गोदाम, पगारी नोकर यांचा खर्च नसतो. अनेकदा तो स्वतःच गाडी चालवतो. मोठा ताफा सांभाळणाऱ्या कंपनीला त्याच्या भाड्याशी स्पर्धा करणे कठीण गेले. त्यामुळे अनेक ट्रान्सपोर्ट कंपन्यांनी स्वतःचे ट्रक कमी केले आणि छोट्या मालकांकडून भाड्याने घेणे सुरू केले. बुकिंग कंपनीचे, ट्रक दुसऱ्याचा. यातला विरोधाभास असा की छोट्या मालकांना उभे करणाऱ्या वित्तपुरवठ्यात अग्रभागी होती ती टीव्हीएस घराण्यातलीच कंपनी.

या बदलाचा फायदा झालाच. भाडी आटोक्यात राहिली आणि ड्रायव्हर मालक झाले. किंमतही मोजावी लागली. एका ट्रकच्या मालकाला नियमित देखभाल, दुसरा ड्रायव्हर, ठरलेली विश्रांती परवडत नाही. हप्ता चुकू नये म्हणून तो जादा माल भरतो आणि जादा तास चालवतो. बिघडण्याआधी गाडी तपासण्याची जी शिस्त मोठ्या ताफ्याला शक्य होती, ती ट्रक एकेका मालकाच्या हाती विखुरल्यावर टिकवणे अवघड झाले. देशातले बहुसंख्य ट्रक आजही पाच किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकांचे आहेत.

आज काय उरले आहे?

सुंदरम अय्यंगार यांच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या पिढीत समूह विस्तारला. १९८० मध्ये आलेल्या टीव्हीएस-५० मोपेडने हे नाव महाराष्ट्रातल्या गावांपर्यंत पोहोचवले. कुटुंबातल्या शाखांनी अलीकडे सामंजस्याने मालकीची वाटणी करून घेतली आणि २०२२ मध्ये ती अमलात आली. समूहातली ‘टीव्हीएस सप्लाय चेन सोल्युशन्स’ ही मालपुरवठ्याचे व्यवस्थापन करणारी कंपनी २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. वाहतुकीशी असलेले नाते असे वेगळ्या रूपात चालू आहे.

मदुराईत ‘टीव्हीएस नगर’ ही वस्ती आहे. पांडियन रोडवेजचे नावही आता बसवर दिसत नाही. ज्या लॉऱ्यांसाठी कार्यशाळा, रिट्रेडिंगचा कारखाना आणि कोळशाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, त्या कधीच भंगारात गेल्या. पण देशातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या असंख्य ट्रकमध्ये त्या घराण्याच्या कारखान्यांत बनलेला एखादा ब्रेक, चाक किंवा बोल्ट असतो, आणि कित्येक ट्रकचे हप्तेही अजून त्याच घराण्याच्या कंपनीकडे भरले जातात.